मांजरीची राखण

करावे गावाच्या मासळीबाजारात एक मावशी बसते. नाव मी कधी विचारलं नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि दिसेल त्या वस्तूला हात लावते. पहिल्याच रविवारी तिचा हात मावशीच्या खेकड्यांकडे गेला. मावशी ओरडली नाही. तिने ओला हात लुगड्याला पुसला, रिकामा डबा पालथा घालून मुलीला त्यावर बसवलं आणि समोरच्या मांजरीकडे बोट केलं.

"पोरी, तिच्यावर नजर ठेव. ती उठली का मला सांग. तू मातर उठायचं नाय."

जिच्यासाठी बालवाडीच्या बाईंनी मला दोनदा बोलावून घेतलं होतं, ती पापणी न हलवता बसली. कोळंबी सोलून झाली तरी तिचे हात मांडीवरच होते. मांजरही सुरमईपासून हातभर अंतरावर बसून होती, मुलीकडे एकटक बघत.

"मांजर कशी काय बसते?" मी विचारलं.

"तिला सांगितलंय, पोरीवर नजर ठेव," मावशी म्हणाली. "दादा, तुमी दोघींवर ठेवा."

मी ठेवली. असे सहा रविवार झाले. मावशीच्या तराजूकडे मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.