भूकंपाचे पैसे

काय सांगायचं तुम्हाला, टॅक्स कळला नाही तर माणूस काय काय करून बसतो ते माझ्याकडे बघून शिका. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

तोक्योत ओजिमाला सावंतकाकांचं हॉटेल आहे. तिथं मी स्वयंपाकात मदतीला. शाळा नववीत सुटली, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवरची जपानी अक्षरं म्हणजे मला रांगोळी. आकडे तेवढे वाचायचो. दोन हजार अकराच्या त्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होत आली होती. जानेवारीत पगारातून कापलेला आकडा जरा फुगलेला दिसला.

"काका, या वेळी जास्त कापलेत का?"

"भूकंपाचे आहेत रे ते," काका कणीक मळता मळता म्हणाले. "पंचवीस वर्षं कापणार आता."

म्हणजे हे प्लेटांचे पैसे, मी मनात म्हटलं. कारण भूकंपाच्या दिवशी हॉटेलातल्या प्लेटांची चळत माझ्याच हातात होती, आणि ती टाकून रस्त्यावर पळालेला पहिला माणूस मीच. तेव्हा काका एका शब्दानं बोलले नव्हते. मला वाटलं होतं, विसरले. पण पंचवीस वर्षं? प्लेटा काय चांदीच्या होत्या? विचारायची हिंमत मात्र होईना. मी असला लाजाळू, की बस समोरून निघाली तरी ड्रायव्हरला हात करत नाही.

शेवटी मोरी-सानकडे मन मोकळं केलं. त्या आमच्याकडे भांडी घासायच्या. साठीच्या बाई. उत्तरेकडे समुद्रकाठी त्यांचं गाव. त्याच भूकंपाच्या त्सुनामीत घर गेलं, नवरा गेला, आणि त्या इथल्या सरकारी वसाहतीत येऊन राहिल्या. माझ्या मोडक्या जपानीला त्या कधी हसल्या नाहीत.

"भूकंपाचे पैसे माझ्या पगारातून का?" मी म्हटलं. "भूकंप काय मी आणला?"

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि त्या कमरेत वाकल्या. "माफ करा. तुम्हाला त्रास होतोय."

"तुम्ही कशाला माफी मागता? पण पंचवीस वर्षं म्हणजे जास्तच ना?"

"जास्तच," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर पगाराला त्या माझ्यासाठी डबा आणायला लागल्या. भाताचे गोळे, आत खारवलेला मासा. मला वाटायचं, अख्ख्या हॉटेलात एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे. चाटूनपुसून खायचो. एकदा तर म्हणालो, मासा जरा जास्त घालत जा.

उन्हाळ्यात मी शंभर येनच्या दुकानातून प्लेटा आणून काकांपुढे ठेवल्या. "या घ्या काका, आणि कापणं थांबवा."

"कसल्या प्लेटा?"

मी सगळं सांगितलं. काका खुर्चीत टेकले.

"अरे येड्या, तो सरकारचा टॅक्स. पगार देताना मी कापायचा आणि सरकारकडे भरायचा. माझ्या खिशात काय येतंय त्यातलं? वाहून गेलेली गावं परत उभी करायला आहे तो. आपल्या मोरी-सानचं गाव."

डब्यांचं काकांना सांगता आलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्याच दिवशी पगार होता. माफीचं लांबलचक जपानी वाक्य घोकून मी सकाळी दाराशीच उभा राहिलो. मोरी-सान आल्या, हातात डबा. मी वाकलो, आणि घोकलेलं सगळं उडालं. गिऱ्हाईक आलं की जे म्हणतो तेच तोंडातून आलं. अदबीचं जपानी मला तेवढंच येतं.

"या, या. किती जण आहात?"

मोरी-सान थांबल्या. मागे एकदा वळून बघितलं.

"एकटीच," त्या म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी त्यांना खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं, पाणी ठेवलं, आणि मेनूकार्डसुद्धा दिलं.