कमानीखालचा डाग

आमच्या घरात दोन टेप. एक माझी, एक माझ्या धाकट्या भावाची. माझी माणसं मोजते, त्याची भिंती. जुन्या बाजारात सगळे त्याला भिंत्या म्हणायचे आणि त्याला त्याचं कौतुकच होतं. आता म्हणत नाहीत. आता जे म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

आई कपडे शिवायची. बाजाराच्या दगडी कमानींपैकी एकीखाली तिचं मशीन होतं. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथेच. मी काजं करत बसायचे आणि हा मशीनखाली चिंध्यांवर उताणा पडून कमानीकडे टक लावायचा. दगड खाली का पडत नाहीत, हे विचारून आईला भंडावून सोडायचा. आई म्हणायची, "एकमेकांना धरून आहेत म्हणून." पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या दगडांपायी घालवलं. वर बघत वाढला. खाली कोण राबतंय ते त्याला कधी दिसलंच नाही.

मोठा झाल्यावर नकाशे काढायच्या ऑफिसात लागला. नव्या इमारतींचे संडास कागदावर बसवून बसवून कंटाळला आणि एक दिवस नोकरीला रामराम ठोकून घरी आला. मग नवं खूळ. जुनी इमारत दिसली की चहूबाजूंनी तिचे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला खायला घालायचे. कॉम्प्युटर त्यातून ती इमारत जशीच्या तशी उभी करतो म्हणे. पडद्यावर फिरवा, आत शिरा, पार छतापर्यंत जा. पाण्याची टाकी, पडका पूल, बंद टपाल ऑफिस, सगळं याने इंटरनेटवर फुकट ठेवलं. कुठला कोण माणूस "वा!" लिहायचा, की स्वारी हवेत. "ताई, उद्या हे पडलं तरी आता जगातून जाणार नाही." मी म्हणायचे, "आधी मोरीचा नळ गळतोय तो बघ." घर माझ्या शिवणावर चालत होतं, हे वेगळं सांगायला नको. आई गेल्यावर कमानीखालची जागा मी चालवत होते.

मग त्याने आमचा बाजारच हातात घेतला. सुट्टीच्या दिवशी सकाळी प्रत्येकापुढे हात जोडत फिरला. पाट्या उतरवा, ताडपत्र्या काढा, बाकडी, कपाटं, वायरी, सगळं बाहेर. "कमान कमानीसारखी दिसली पाहिजे!"

माझ्या शेजारी चावीवाले काका बसायचे. ते म्हणाले, "आणि आम्ही कशासारखं दिसायचं रे?"

"तुम्ही दिसायचंच नाही, काका."

काय हसलो आम्ही सगळे! आपला भिंत्या म्हणून लोकांनी घरचं कार्य असल्यासारखं सामान हलवलं. माझं मशीन आम्ही दोघांनी उचलून रस्त्यात ठेवलं. काका मात्र स्टुलावरून हलले नाहीत. "पाय दुखतात बाबा. मलाही जुनी इमारत समज."

घरी येऊन याने कॉम्प्युटरवर काकांना पुसून टाकलं. या लोकांच्या धंद्यात त्याला साफसफाई म्हणतात. फोटोत शिरलेलं कुत्रं, सायकल, माणूस, सगळा कचरा. काका गेले, पण दगडावर एक मळकट डाग राहिला. तो काही केल्या जाईना, म्हणून भिंत्या चार दिवस धुसफुसत होता.

पुढच्या वर्षी पालिकेने बाजार एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. कमानी राखायच्या, आत काचेची दुकानं काढायची. जो तिथे खरोखर धंदा करत होता त्याला गाळा, बाकीच्यांनी चालतं व्हायचं. आम्ही निर्धास्त होतो. पालिकेला भरलेल्या भाड्याच्या पावत्या होत्या की! पण पावतीवर नुसतं 'कमानीखालची जागा'. कितवी कमान, ते पाटीवर रंगवलेलं. आणि दगडावर नंबर घालू नका, दगड खराब होतो, असं आम्हाला कोणी बजावलं होतं? याच शहाण्याने.

सुनावणीत बिल्डरच्या वकिलाने भल्यामोठ्या पडद्यावर बाजार उघडला. माझ्या भावाचाच. फुकटच होता, घेतला उतरवून. लख्ख कमानी, खाली एक सुई नाही. वकील म्हणाला, "यात धंदा कुठे दिसतो?" पालिकेच्या साहेबांनी भिंत्याला उभं केलं.

"हे तुम्ही बनवलंत?"

"हो, साहेब."

"अचूक आहे?"

"तंतोतंत." छाती फुगली होती मेल्याची.

"काही बदल केलेत?"

"एका दगडालाही हात लावलेला नाही."

मी मागून ओरडले, "अरे, माणसं पुसलीस ते सांग ना!"

तो माझ्याकडे वळला. खरंच कळलं नव्हतं त्याला. "ताई, तो बदल नसतो. ती साफसफाई."

वकील किती गोड हसला! "किती माणसं साफ केलीत?"

"एकच. बाकीचे आधीच बाहेर होते."

"ऐकलंत, साहेब? बाकीचे बाहेर होते."

पावत्या माझ्या मुठीत चुरगळल्या होत्या. साहेब पडद्याकडे वाकून बघत होते. "हा डाग कसला?"

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "तो मी आहे, साहेब."

सगळी खोली हसली. वकील म्हणाला, "डागाला गाळा देता येत नाही." हसले नाहीत ते एकटे काका.

निकाल काय लागणार होता? गेल्या आमच्या जागा. माझ्या कमानीखाली आता अत्तरं विकतात. कमानी घासूनपुसून उभ्या आहेत, एक दगड हललेला नाही. बाजाराच्या दारात पडदा लावलाय, त्यावर येणारेजाणारे माझ्या भावाचा बाजार बोटाने फिरवतात. मी स्वयंपाकघरात मशीन टाकलंय. तीन जिने चढून ब्लाउजची बाही आखूड करायला कोण येतंय? काका बसथांब्यापाशी चाव्या घेऊन बसतात आणि मी दिसले की मान फिरवतात. मला भिंत्याचा इतका राग येतो की कात्री हातातून खाली ठेवावी लागते. पण पाठचा भाऊ, टाकणार कुठे? दोन वेळचं ताट वाढते, बोलत नाही.

परवा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातात ती टेप.

"ताई, मी बाजार पुन्हा बनवतोय. या वेळी सगळे असतील. काका, तू, आईसुद्धा. पण माझ्याकडे आईचा एकही फोटो नाही गं." हजारो फोटो काढले मेल्याने, आणि त्यात आई नाही. "निदान मशीन कुठे होतं ते नेमकं सांग. भिंतीपासून किती लांब?"

मी सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हटलं, "रस्त्यात. तूच नेऊन ठेवलंस."