अण्णांच्या विहिरी, वहिनीची वही

दादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसचा जिना चढत होते. मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. दादा या वेळेला कधी फोन करत नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी पायरीवरच थांबले आणि विचारलं, "कधी गेले?" आमचे आजोबा, अण्णा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. आईबाबा गेल्यापासून ते दादाकडेच असतात. त्या फोनची तयारी मी दोन वर्षांपासून मनात करून ठेवलेली होती. कुठली बस, कुणाकुणाला कळवायचं, सगळं. दादा म्हणाला, "अण्णा नाही गं... अर्चना." आणि मी विचारलं, "अर्चनाने काय केलं?" खरंच असं विचारलं मी. आज पाच आठवडे झाले, ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

अर्चनावहिनी एकेचाळीस वर्षांची होती. त्या सकाळी ती नगरला, सावेडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होती. डोकं ठणकतंय म्हणून मधेच खाली आली, अण्णांना त्यांचा चष्मा शोधून दिला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि बसल्याजागी कलंडली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. कसला आजार नाही, कसली गोळी चालू नाही. मी नगरला पोचले तेव्हा दोरीवर दोन चादरी वाळून कडक झालेल्या होत्या आणि उरलेल्या बादलीत पिळून तशाच पडलेल्या. त्या उचलायचं कुणाला सुचलं नव्हतं. मीही उचलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी उचलल्या.

वहिनी बेलापूरची. तिच्या वडिलांचं वह्या बांधायचं छोटं दुकान होतं, त्यामुळे कागद दुमडून सुईदोऱ्याने शिवणं, खळ शिजवणं, पुठ्ठ्यावर कापड ताणून बसवणं हे तिच्या हातात लहानपणापासूनच होतं. लग्नानंतर ते मागे पडलं. घरी शिकवण्या घ्यायची, तन्वीचं म्हणजे माझ्या भाचीचं सगळं करायची, आणि दुपारी अण्णांजवळ बसायची. आम्ही सख्खी नातवंडं असून अण्णांजवळ पाच मिनिटं बसलो की मोबाईल बघायला लागायचो. अण्णांच्या बोलण्यात दुसरा विषयच नसायचा... विहिरी! खर्डा गावाच्या आसपास त्यांनी पंचवीस-तीस वर्षं विहिरी खोदल्या. चार जणांची टोळी, पहार, घण, आणि पुढे सुरुंग. कुठल्या विहिरीला किती फुटांवर काळा पाषाण लागला, कुठे ओला मुरूम दिसला म्हणून मालकाने पेढे वाटले आणि सकाळी विहीर कोरडीच निघाली, हे आम्ही इतकं ऐकलं होतं की आम्हाला ते ऐकूच येत नव्हतं. वहिनीने ते लिहून घ्यायला सुरुवात केली. कोरे कागद आणून तिने घरीच एक जाड वही शिवली. वर अण्णांच्या जुन्या धोतराचं कापड लावलं. एका विहिरीला एक प्रकरण, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला अण्णांनी थरथरत्या हाताने काढलेलं त्या विहिरीचं तोंड. काही गोल, काही चौकोनी, एक तर चक्क वांग्यासारखं.

अण्णा बोलतात तस्संच ती उतरवायची. मी एकदा वाचून म्हटलं, "वहिनी, जरा शुद्ध करून लिही ना, उद्या तन्वीच्या मैत्रिणी वाचतील." तिने मान वर न करता सांगितलं, "मनू, शुद्ध केलं तर ते माझं होईल. मला अण्णांचं हवंय." हट्टी होती. वेळेवर कुठे पोचायची नाही, अर्धा कप चहा विसरायची आणि घरभर शोधायची. पण अण्णांनी एखाद्या माणसाचं नाव वेगळं सांगितलं तर आठ दिवसांनी परत विचारून ते नीट करून घ्यायची. तिला आणि आम्हालाही एकच घाई होती, की अण्णा आहेत तोवर हे व्हायला हवं. ती नसेल आणि अण्णा असतील, असा हिशेब कुणाच्या डोक्यात कधी आलाच नाही.

तिला नेलं त्या दिवसापासून अण्णा बोलायचे बंद झाले. भरवलं की खात होते, उठवलं की उठत होते. तेराव्याच्या दुपारी पाहुणे जेवून गेले, दादा आणि मी त्यांच्या खोलीत बसलो होतो, आणि अण्णा एकदम म्हणाले, "ती वही जाळा."

दादा म्हणाला, "अण्णा, अहो तिची वही आहे ती."

"म्हनूनच म्हनतो, जाळा. माज्या तोंडातनं ते निघालं अन् तिला लागलं. कुनाला सांगायचं नव्हतं. तिनं लई इचारलं म्हनून सांगितलं." आणि भिंतीकडे तोंड करून ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी अण्णांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आजी गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

दारात उभ्या असलेल्या तन्वीने हे ऐकलं आणि ती धावत गेली. वही तिने आपल्या गादीखाली घातली आणि वर बसून राहिली. नववीतली मुलगी, आई जाऊन तेरा दिवस झालेले... "आत्या, मी देणार नाही," एवढंच म्हणत होती. जाळणार नाही अशी शपथ घेतल्यावर तिने ती माझ्या हातात दिली. शेवटचं प्रकरण मी तिथेच, तिच्या पलंगावर बसून वाचलं.

किसन हे नाव आम्हाला माहीत होतं. अण्णांचा जोडीदार, सुरुंगात गेला. "घाईत उतरला बिचारा," असं अण्णा दर वेळी सांगायचे आणि पुढच्या विहिरीकडे वळायचे. वहिनीच्या अक्षरात मात्र वेगळंच होतं. त्या दिवशी आठ सुरुंग भरले होते. वाती पेटवून सगळे वर आले. बार मोजायचं काम अण्णांचं; सगळे उडाल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. शेजारच्या रानातही दुसरी टोळी विहीर फोडत होती. 'तिकडचा एक बार म्या आमच्यात धरला. सात झाले हुते, म्या आठ म्हनलं. किसन म्हनला, गड्या, नीट मोजलंस का? म्या म्हनलं, व्हय, उतर. तो उतरला. त्यानं पहार मारली.' त्याखाली होतं, 'लोकं गोळा झाली तवा म्या सांगितलं, त्यानं घाई केली. मला तरनी बायको हुती, पोरगं हुतं. म्या भ्यालो.'

मी वही मिटली. ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढले त्याने साठ वर्षं हे एकट्याने पोटात ठेवलं होतं, आणि आमच्या घरात बाहेरून आलेल्या मुलीने ते शांतपणे लिहून घेतलं होतं. आम्हाला एका शब्दाने न सांगता. वही ठेवताना मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागदाचा खिसा दिसला. त्यात घडी केलेला एक कागद होता. वर एक फोन नंबर, नाव लक्ष्मीबाई, आणि खाली वहिनीचं घाईतलं अक्षर, 'किसनची मुलगी. बाप गेला तेव्हा तीन महिन्यांची. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, मी स्वतः येते. रविवारी. अण्णांना शनिवारी सांगायचं, मग बाईंना या म्हणून फोन करायचा.'

तो शनिवार उजाडायच्या आधीच, मंगळवारी ती गेली होती.

दादाने तो कागद दोनदा वाचला. "मला म्हणाली होती, बेलापूरला माहेरी जाऊन येते," तो पुटपुटला. पुढे कळलं, ती दोनदा एसटीने खर्ड्याला गेली होती, एकटी, गावोगाव विचारत. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. अण्णांना न विचारता त्यांचं गुपित परक्या बाईच्या पदरात टाकायचा तिला काय अधिकार होता? आणि राग कुणावर काढायचा, तर ती नाही. दोन दिवस मी तो नंबर नुसता बघत होते. मग फोन केला. लक्ष्मीबाईंना काहीच कळलेलं नव्हतं. रविवारचं बोलावणं आलं नाही, तेव्हा नगरच्या बाईंनी विचार बदलला असेल असं त्यांनी धरलं होतं. वहिनी गेल्याचं सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं बया... कवा?" आणि मग, "मी येते. आता तर यायलाच पायजे."

त्या आल्या गेल्या रविवारी. साठीला टेकलेल्या, सावळ्या, ताठ. अण्णांना आम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. सकाळपासून स्वच्छ सदरा घालून पलंगाच्या कडेला बसून होते. लक्ष्मीबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. पाणीही घेतलं नाही.

"मला जलमभर समदे उतावळी म्हनत आले," त्या म्हणाल्या. "भाकर करपली तरी आई म्हनायची, बापावर गेलीस, त्यानं घाईनंच जीव घालवला. लग्नात सासूला सांगितलं, हिला जरा दमानं घ्या, हिचा बाप असा गेला. समदं आयुष्य मी दमानं चालत आले, मामा. अन् आता कळतंय का त्यो उतावळा नव्हताच."

अण्णांनी हात जोडले. "न्हाई. किसन लई सबुरीचा. बिडी सुदीक सावकाश वढायचा. मीच... पोरी, मीच चुकलो. अन् वर खोटं बोललो."

"पुन्ना सांगा."

"किसन उतावळा नव्हता."

"माझ्या पोरांपुढं सांगाल?"

"गावापुढं सांगतो."

मग अण्णा अडखळत म्हणाले, "ती वही जाळाया सांगितलीय म्या." लक्ष्मीबाई ताडकन उठल्या. "जाळता कशाला? माझ्या बापाचं खरं तेवढं एकाच जागी लिवलंय!" माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि अण्णांनी माफी मागितलीही नाही. पण पुढचे दोन तास त्या विचारत होत्या आणि अण्णा सांगत होते. किसन विहिरीत उतरला की गाणं म्हणायचा, कारण तिथे आवाज घुमायचा. त्याला दही चालायचं नाही. मुलगी झाली तेव्हा तीन कोस चालत जाऊन त्याने झबलं आणलं होतं. झबल्याचं ऐकल्यावर लक्ष्मीबाईंनी पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला. मी लिहून घेत होते. माझा हात भरभर चालत नव्हता, मधूनमधून थांबा म्हणावं लागत होतं, आणि वहिनी हे रोज कसं करत असेल असं वाटत होतं.

निघताना लक्ष्मीबाईंनी तन्वीला जवळ घेतलं आणि विचारलं, "तुझी आई कशी हुती गं? माझ्याकडं दोनदा आली, पन समदं माझंच इचारलं. तिचं कायबी बोलली न्हाई." तन्वी माझ्याकडे बघायला लागली. मी दादाकडे बघितलं. दादाने तोंड उघडलं, दोन-तीन गोष्टी सांगितल्या आणि थांबला. सतरा वर्षं ती आमच्यात होती. तिची शाळा कुठली, तिला भीती कशाची वाटायची, अण्णांच्या आधी तिने कुणाची गोष्ट लिहायचा विचार केला होता... मला काही सांगता येईना. तिने सगळ्यांना विचारलं. तिला कुणी विचारलं नाही. फोन आल्यापासून मी रोज हादरत होते, पण पायाखालची जमीन सरकली ती त्या दारात.

चपला घालता घालता लक्ष्मीबाईच म्हणाल्या, "हसायची लई मोठ्यानं, मातर. दुसऱ्यांदा आली तवा माझ्या नातवानं कायतरी बोबडं म्हनलं, अन् अशी हसली का आमची शेळी दावं तोडून पळाली. समदी वस्ती हुडकीत हुती."

आणि एकदम ते हसणं आम्हाला आठवलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगपर्यंत ऐकू जाणारं. पाच आठवड्यांत ते आम्ही पार विसरलो होतो. दादा भिंतीला टेकला आणि हसता हसता रडायला लागला. आतून अण्णा विचारत होते, "काय झालं? काय म्हनली ती?" तन्वीने आत जाऊन त्यांना शेळीची गोष्ट ओरडून सांगितली. मग तिने टेबलावरचे कोरे कागद घेतले, मधे दुमडले आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'माझी आई हसली तेव्हा खर्ड्याला एक शेळी दावं तोडून पळाली.'

"आत्या, सुई कुठे असते?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी शोधायला लागलो.