जलद गाडीचे थांबे

मी धुळं सोडलं तेव्हा मला निरोप द्यायला माय आली होती. आबा आले नव्हते, कारण ते तिथेच होते. माझे वडील धुळ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि त्या सकाळी त्यांची पाळी होती. पाळी बदलून घेता आली असती. त्यांनी घेतली नाही. आम्ही दोघी चौकशीच्या खिडकीसमोरून गेलो, तेव्हा जाळीपलीकडे ते मान खाली घालून बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "त्या गाडीमा बसनी ते मनासंगे बोलानं नही." पुण्याच्या गाडीत बसलीस तर माझ्याशी बोलायचं नाही. मी जाऊन खिडकीपाशी बसले.

मायनं खिडकीतून बिबड्यांची पिशवी आत दिली. वाळवलेल्या ज्वारीच्या पापडांनी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन पुण्याला जाणारी मुलगी कशी दिसत असेल, हे मला तेव्हाही कळत होतं. "बठ्ठं लिधं ना?" असं तिनं तीनतीनदा विचारलं. सगळं घेतलं, म्हटलं. मग ड्रायव्हर चढला, मी मायकडेच बघत होते, इंजिन सुरू झालं आणि भोंग्यातून आबांचा आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. धुळे-पुणे जलद गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे. ही गाडी अवधान..." आणि ते थांबले. अवधान म्हणजे धुळ्याचं शेपूट. जलद गाडी तिथे कशाला थांबेल? ती थेट मालेगावला टेकायची. पण आवाज पुढे निघाला. "लळिंग... आर्वी... पुरमेपाडा..." एकेक नाव सावकाश, मध्ये चांगली जागा सोडून. शेजारच्या फलाटावर मालेगावच्या साध्या गाडीची वाट पाहणारी माणसं गाठोडी उचलून आमच्या दाराशी आली. एक म्हातारी पायरीवर चढून विचारू लागली, "लळिंगले थांबस का रे भाऊ?" कंडक्टर दोन्ही हात पसरून दार अडवत होता. तेवढ्यात इंजिनही बंद पडलं. "झोडगे," भोंगा म्हणाला. गाडीतली माणसं हसायला लागली. कंडक्टर उतरून खिडकीकडे तणतणत गेला, मग खट्ट असा आवाज आला आणि भोंगा गप्प झाला. थोड्या वेळानं गाडी निघाली.

मला वाटलं, रागाच्या भरात आबांनी दोन गाड्यांचे थांबे एकमेकांत मिसळले. त्यांच्या उभ्या नोकरीतली ही पहिली चूक, आणि ती माझ्यामुळे झाली, याचं मला खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

आबांबद्दल सांगायला हवं. घरात ते पक्की अहिराणी बोलायचे. शे, नही, कोठे, कसाले. पण माइकसमोर बसले की त्यांच्या तोंडून जे मराठी यायचं, ते आमच्या शाळेतल्या मास्तरांनाही यायचं नाही. "कृपया", "प्रवाशांनी", "नोंद घ्यावी". मी डबा घेऊन जायची, तेव्हा जाळीच्या अलीकडे उभी राहून ही गंमत बघायची. माइक बंद, तर हमालाला अहिराणीत शिव्या. माइक सुरू, तर साक्षात राज्यपाल. एकाच तोंडात दोन माणसं राहतात आणि खट्ट असा आवाज झाला की बदलतात, हे मला तिथे समजलं. अभिनयाचं माझं शिक्षण एवढंच. त्यांचा एक कायदा होता: सूचना चालू असताना गाडी हलवायची नाही. कुणाचा थांबा ऐकायचा राहिला आणि गाडी निघून गेली, असं त्यांच्या पाळीत व्हायचं नाही. ड्रायव्हर लोक कुरकुरायचे, पण पाळायचे.

मी त्यांची नक्कल पहिल्यांदा केली ती भडगावला, मावशीच्या लग्नात. आमच्याकडे लग्नात बाया व्याह्यांना चिडवणारी गाणी म्हणतात, चांगली झणझणीत, आणि त्यावर कुणी रागवायचं नसतं. माझी पाळी आली तेव्हा मला गाणं येईना. मी लोटा तोंडासमोर धरला आणि सूचना दिली, "नवरदेवाचे मामा तिसऱ्यांदा पंगतीला लागत आहेत. ही फेरी विनाथांबा आहे." मांडव कोसळायचा बाकी राहिला. आबा दाराशी उभे होते. ते पाठ फिरवून आहेराच्या टोप्या वाटायला गेले. पण त्यांचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं.

पुढे वरणगावचं स्थळ आलं. मुलगा फॅक्टरीत पक्क्या नोकरीला. बघायला आले तेव्हा त्याच्या काकांनी मला पेपर वाचून दाखवायला सांगितलं. मी पेपरातला बाजारभाव स्टँडच्या आवाजात वाचला. म्हटलं, आता हे उठून जातील. मुलगा इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला, आणि त्यांनी जागेवर होकार दिला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. पण पुण्याच्या एका नाटक कंपनीच्या मॅनेजरनं आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला पाहिलं होतं आणि दौऱ्यावर यायला विचारलं होतं. आबा म्हणाले, "मी शब्द दियेल शे." शब्द त्यांनी दिला होता, मी नव्हता दिला. भांडण एवढंच होतं. बाकी आरडाओरडा झाला तो शेजाऱ्यांच्या माहितीसाठी.

पुण्यात मी आधी बोलायला शिकले. कंपनीत तालमी घेणाऱ्या बाई माझ्या तोंडून "आहे"ऐवजी "शे" निघालं की टेबलावर पेन्सिल आपटायच्या. सहा-आठ महिन्यांत तो शब्द गेला. मग मला भूमिका मिळू लागल्या आणि त्या सगळ्या मोलकरणींच्या, गावाकडच्या बायकांच्या. त्या बायका जी भाषा बोलायच्या ती कुठल्याच गावची नव्हती. लेखकानं ती पुण्यातच तयार केलेली असायची. म्हणजे माझी खरी बोली काढून घेऊन मला खोटी दिली, वर त्याचे पैसे दिले. मी तक्रार केली नाही. रोज रात्री लोक हसत होते. ज्यांनी घर सोडलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. असल्या देवाणघेवाणीला आपण प्रगती म्हणतो, आणि ती असतेही.

माझं नाव झालं ते एकपात्रीनं. आता त्याला स्टँड-अप म्हणतात आणि तरुण मुलं बाटलीतलं पाणी पीत पीत करतात. आम्ही नऊवारीचा पदर खोचून करायचो. गणपतीतली मंडळं, साखर कारखान्यांचे क्लब, बँकांची स्नेहसंमेलनं. एकदा भोरला वीज गेली आणि माइक बंद पडला. मी सहज म्हटलं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," आणि त्या सकाळचा सगळा प्रसंग करून दाखवला. दाराशी उभी म्हातारी, हात पसरलेला कंडक्टर, बंद पडलेलं इंजिन आणि चुकत चुकत गावं वाचणारा तो भोंगा. अवधान... लळिंग... आर्वी... लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. गावांची नावं त्यांच्या ओळखीची नव्हती, तरी हसले. तेव्हापासून शेवट याच प्रसंगानं करायचा, असं ठरून गेलं. त्याच्याच जोरावर मला टीव्हीवर बोलावणं आलं. मालिकेत मी भिंतीवरून डोकावणारी शेजारीण झाले आणि पुष्कळ वर्षं डोकावत राहिले.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धुळ्याला जायची. आखाजीला लेकी सासरहून माहेरी येतात, झोके खेळतात. मी सासर नसलेली माहेरवाशीण. गल्लीतल्या बायकांना मला कुठल्या रांगेत बसवावं हे कळायचं नाही. आबांनी आपला शब्द पाळला. माझ्यासमोर बसून ते मायला सांगायचे, "तिले सांग, जेवन थंडं व्हयी राहिनं." माय मला सांगायची. मी मायला सांगायची, "आबांना सांग, बसतेच आहे." मधे माय भाकरी थापत दोन्हीकडे बघायची. ती एकदा वैतागून म्हणाली, "मी काय टेलिफोन शे का?" आम्ही दोघंही हसलो, पण वेगवेगळ्या भिंतींकडे बघून. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. ते कधीतरी "पोरी" म्हणतील, म्हणून मी दर वर्षी जात होते, झोक्यासाठी नाही. टीव्हीवर माझी मालिका लागली की ते उठून ओट्यावर जायचे. आवाज ओट्यापर्यंत जायचा, एवढं खरं.

नव्वद सालानंतरच्या एका आखाजीला परत निघताना स्टँडवर नाना भेटले. नाना म्हणजे आबांचे मित्र, जुने ड्रायव्हर, तेव्हा निवृत्त. त्यांनी माझा प्रयोग मालेगावला पाहिला होता. म्हटलं, आवडला का? ते म्हणाले, "चांगला शे. पन इंजिन बंद पडनं नव्हतं, पोरी. त्या दिन गाडीवर मीच व्हतू. लळिंगनं नाव आयकं नि माले समजनं. मी इंजिन बंद करी टाकं." मला कळेना. त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "सूचना चालू शे तवलोंग गाडी हालाडानी नही. हाऊ तुना बापनाच कायदा ना?"

पुण्याला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. वाटेत ती सगळी गावं आली आणि गेली. मला खूप रडू आलं. शेजारच्या बाईंनी मला टीव्हीवरची म्हणून ओळखलं आणि सही मागितली.

त्याच हिवाळ्यात जळगावला माझा प्रयोग लागला. मायनं मामाकरवी निरोप पाठवला की आम्ही येतो आहोत, आबापण. मी ठरवलं, शेवटचा प्रसंग गाळायचा. तसा गाळला, नमस्कार केला, तर मागून आरोळ्या सुरू झाल्या, "भोंगा! भोंगा!" इथे गावं लोकांच्या ओळखीची होती, त्यांना त्यांचा भोंगा हवा होता. तिसऱ्या ओळीत माय पदर सावरत होती आणि शेजारी आबा ताठ बसले होते, पांढऱ्या टोपीत. मी सुरुवात केली. पण या वेळी मला ती नावं गडबडून म्हणता येईनात. मी ती जशी ऐकली होती तशीच म्हटली, सावकाश, मध्ये जागा सोडून. लोक हसले. तेवढेच हसले, त्याच जागी हसले. आबा हसले नाहीत. त्यांचे ओठ मात्र माझ्याबरोबर हलत होते.

नंतर ते दोघं आत रंगपटात आले. मी आबांच्या पाया पडले. मायनं सवयीनं तोंड उघडलं, निरोप पोचवायच्या तयारीनं. आबांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झोडगाना पुढे बी गावं व्हतात मनाजोडे." मग टोपी काढून हातात घेतली. "पन तू काही उतरनी नही."

झोडग्याच्या पुढेही गावं होती माझ्याकडे.  लोक मला हजरजबाबी म्हणून पैसे देतात. मी आबांना खुर्ची दिली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यानंतर आम्ही बोलत राहिलो, ते असेपर्यंत, साधंच. पाऊस, गुडघे, मायची शुगर. त्या सकाळचा विषय पुन्हा निघाला नाही. तो प्रयोग मी पुढेही करत राहिले, कारण लोकांना तो हवा होता आणि मलाही. फक्त इंजिन बंद पडायचा भाग काढून टाकला.

आता दोघंही नाहीत. घर विकलं. स्टँडवर सूचना कुठल्याशा बाईच्या आवाजात आधीच भरून ठेवलेल्या असतात. गाडी हलली तरी त्या चालूच राहतात. तुम्ही जे तिथे राहिलात, ते विचारता की आता तुझं इकडे काय आहे. जे माझ्यासारखे निघाले, ते विचारत नाहीत. नात्यातल्या लग्नाकार्याला मी अजून जाते, आता भाड्याच्या कारनं. मालेगाव मागे पडलं की मी सरसावून बसते आणि नावं उलटी म्हणत जाते. झोडगे, पुरमेपाडा, आर्वी, लळिंग. मागच्या खेपेला ड्रायव्हर नवीन होता. त्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, इथे कुणी आहे का आपलं? थांबवू?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "हळू चालव."