मुनव्वर मास्तरांच्या सायकलचं माप

तेलगावच्या मुनव्वर मास्तरांकडं ज्यानं ज्यानं पँट शिवली, त्यानं हे बोलणं खाल्लेलं आहे : "श्वास सोडा साहेब. पोट काय घरी खुंटीला टांगून आलात?"

टेप कंबरेभोवती आला की गडी पोट आत ओढतोच. नवरदेव ओढतो, ग्रामसेवक ओढतो, स्टेजवर चढताना धाप लागणारा पुढारी तर सगळ्यात जास्त ओढतो. मास्तर वाद घालत नाहीत. टेप तसाच धरून गप्पा काढतात. कापूस वेचून झाला का, थोरलीचं कुठं जमलं का, सासुरवाडीला जाणं होतं का. उत्तर देता देता गडी विसरतो, पोट आपल्या जागेवर येतं आणि मास्तर आकडा बघून घेतात.

असा हा माणूस स्वतःचं माप द्यायची वेळ आली तेव्हा कसा वागला, ते सांगतो. सांगू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

वय विचाराल तर मास्तर साठीच्या अलीकडं सांगतात. मी त्यांच्या थोरल्या भावाच्या वर्गात होतो, तेव्हा खरं काय ते मला विचारा. घर वडवणीला, दुकान तेलगावला. वडवणीत त्या थोरल्या भावाचंच टेलरिंग होतं आणि एका गावात दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायची नाहीत, असं वडिलांनी ठरवून दिलेलं. तेव्हापासून मास्तर सकाळी काळ्या सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून तेलगावला येतात आणि दिवस मावळायला परत जातात. मुलानं, वासिफनं, मोटारसायकल घेऊन दिली होती. ती जावयाच्या दारात गेली. "तिच्यावर बसलं की पाय रिकामे बसतात," मास्तर म्हणाले.

त्या काळ्या सायकलची नळी यंदाच्या थंडीत तडकली. दोनदा वेल्डिंग केली, दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा मास्तर वडवणीच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला बसलेले सापडले. ही बातमी पुण्याला वासिफपर्यंत कशी पोचली, कुणास ठाऊक. माझ्याकडं बघू नका.

वासिफचा फोन आला. "अब्बा, बस झालं. दुकान विका. अम्मीला घेऊन माझ्याकडं या." मास्तर नको म्हणाले. तो हो म्हणत राहिला. शेवटी फोनवरच तोड निघाली. मास्तरांनी सायकलवर उमापूरला, लेकीच्या, अदिबाच्या घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सायकलवरच परत यायचं. आणि तिसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला दुकान उघडायचं. जमलं, तर वासिफनं पुण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. न जमलं, तर दुकान विकायचं.

वडवणीहून बीड, बीडहून गढी, गेवराई आणि पुढं उमापूर. शंभर किलोमीटरला थोडंच कमी. तुटक्या सायकलचं ते काम नव्हतं. मास्तर नवी घ्यायला छत्रपती संभाजीनगरला निघाले, जोडीला मी. मला सायकलमधलं काही कळत नाही, पण असं काही बघायचं सोडून मी घरी बसणार होतो का?

दुकान शोरूमसारखं. तिथल्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एका राखाडी सायकलवर हात ठेवला. "काका, रोज जाऊन-येऊन करायचं आणि मधूनच लांब जायचं, तर ही घ्या. हँडल उंच आहे, म्हणजे मान आणि कंबर सुटी राहते. टायर जरा रुंद आहेत, खराब रस्त्याचे धक्के खातात. चढाला हलके गिअर. मागं कॅरियर बसतं. लांब पल्ल्याची आहे, आरामाची."

सगळं बरोबर बोलली बिचारी, शेवटच्या शब्दापाशी घोटाळा झाला.

"आरामाची?" मास्तर म्हणाले. "मी काय पेन्शनीत निघालोय?"

शेजारी एक लालभडक सायकल उभी होती. हँडल खाली, सीट वर, टायर करंगळीएवढं. मास्तरांची नजर तिच्यावर गेली ती गेलीच.

"ती रेसची आहे काका. फार वाकावं लागतं."

"बेटा, उभा जन्म शिलाई मशीनवर वाकलोय. वाकायचं मला शिकवू नको."

मी आपला अंगठ्यानं सीट दाबून बघत होतो. आपल्याकडं सीट अशीच पसंत करतात. दोन्ही सायकलींची घट्ट लागली, म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर ती मुलगी मलाच म्हणाली, "मऊ सीट पहिल्या तासाला गोड लागते आजोबा, नंतर रुतते." मास्तर काका आणि मी आजोबा! त्यानंतर मी मास्तरांना एका शब्दानं अडवलं नाही.

मास्तर लाल सायकलवर बसले. पोट आत, छाती वर, कोपर ताठ. आधारकार्डाचा फोटो काढायला बसावं तसे. पार्किंगमध्ये एक चक्कर मारली. "कशी वाटली?" मुलीनं विचारलं. मास्तरांनी नुसती मान हलवली. बोलायचं म्हणजे श्वास सोडावा लागला असता ना.

तेलगावात ती सायकल आली तेव्हा बघायला निम्मं एसटी स्टँड जमलं. शेजारच्या चहावाल्या वत्सलाबाई सायकलभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, दुकानदारानं अर्धीच दिली का ओ? स्टँड न्हाई, मडगार्ड न्हाई, क्यारेज न्हाई."

"हलकी हाय. वारा कापती," मास्तर म्हणाले.

"मंग डबा कुठं ठेवता?"

डबा ठेवायला खरंच जागा नव्हती. कापडाचं गाठोडं पाठीला बांधून मास्तर यायचे आणि मागून बीबीजान, म्हणजे त्यांच्या घरच्या, दुपारच्या एसटीनं डबा घेऊन यायच्या. वारा कापणाऱ्या सायकलपायी रोजचं एक तिकीट सुरू झालं.

आठवडा झाला नसेल. एका सकाळी मास्तर दुकानापुढं किल्ली हातात घेऊन उभे. शटरचं कुलूप जमिनीलगत. मास्तर त्या कुलपाकडं असे बघत होते, जसं ते दुसऱ्याच गावात आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुलूप इतक्या खाली कावून बसवतात बे हे लोक?"

वत्सलाबाईंनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली, खाली वाकल्या, कुलूप काढलं आणि एका हिसक्यात शटर वर सारलं. मास्तर मान न हलवता, सगळं अंगच वळवून आत गेले. "उशी बदलली काल, म्हणून मान अवघडली," म्हणाले.

"आन् कंबर? ती बी उशीवरच ठेवता का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी मला जवळ बोलावलं. "आप्पा, वासिफला फोन करू नका."

"मी कावून करू?"

"तुमी करत न्हाई. तुमच्याकडून होतो."

मी केला नाही. खोटं वाटत असेल, पण केला नाही. ते दुकान गेलं असतं तर मी दिवसभर बसलो कुठं असतो?

त्याच दुपारी पप्पूभैय्या जाकिटाचं माप द्यायला आले. पप्पूभैय्या म्हणजे भावी जिल्हा परिषद सदस्य. मागच्या निवडणुकीत भावी होते, त्याच्या मागच्या निवडणुकीतही भावीच होते. वाढदिवस तोंडावर आलेला, बॅनर छापायचे होते. टेप पोटाभोवती आला आणि भैय्यांनी श्वास असा ओढला की बटणं सैल झाली.

"सोडा भैय्या," मास्तर म्हणाले. "पोट काय घरी..."

"त्यांना कावून बोलता?" दारातून आवाज आला. बीबीजान डबा घेऊन उभ्या. "आदी तुमी सोडा."

"मी काय धरलंय?"

"सायकल आणल्यापासून धरूनच बसलात. कूस बदलताना 'या अल्ला' म्हणता आन् आमच्यापुढं शिट्टी वाजवता. दुकान विकायचं आसंल तर सरळ विका की. त्या लाल घोडीपायी कावून विकता? मला पुण्यात पाचव्या मजल्यावर बसून काजं करायची न्हाईत."

पप्पूभैय्या पोट सोडायचं विसरले.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ती पोरगी आरामाची म्हणली. ती घेतली आसती तर वासिफच म्हणला आसता, बघा, अब्बा थकले."

बीबीजाननी डबा ठेवला, खुंटीवरचा एक शिवलेला सदरा काढला आणि त्याच्या काखेत बोटं घातली. "इथं ढील कावून देता?"

"ढील न्हाई दिली तर हात वर व्हायचा न्हाई. सदरा पहिल्या दिवशी उसवंल."

"मंग ज्याला ढील देता तो गडी थकलेला आसतो का?"

मास्तरांनी सदरा हातात घेतला. काखेतली शिवण बघितली, जशी ती त्यांची नसून दुसऱ्या कुणाची आहे. मग टेप गळ्यात टाकून ते खुर्चीवर बसले आणि इतका लांब श्वास सोडला, की वत्सलाबाईंनी पलीकडून विचारलं, "गेलं का पंक्चर?"

तेवढ्यात पप्पूभैय्यांना कंठ फुटला. "मास्तर, ती लाल सायकल मला द्या. हेल्मेट घालून फोटो काढतो. बॅनरवर लई उठून दिसंल."

"चालवायला जड जाईल भैय्या."

"चालवायची कुणाला हाय?"

सौदा तिथंच झाला. बॅनर महिनाभर चौकात होता. सायकल आजही भैय्यांच्या ओसरीत आहे आणि तिच्या त्या खाली वाकलेल्या हँडलवर त्यांच्या आईचं लुगडं फार छान वाळतं.

छत्रपती संभाजीनगरच्या दुसऱ्या फेरीला बीबीजानही सोबत होत्या. त्या मुलीनं राखाडी सायकल एका घोड्यावर घट्ट बसवली, म्हणजे जागच्या जागी पायडल मारता येतं. मास्तर बसले. पोट पुन्हा आत. सवयच ती.

बीबीजाननी ते बघितलं. शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि अदिबाच्या सासूची हकीकत सुरू केली. तिनं दळण कुणाकडं टाकलं, नणंदेला काय बोलली, बिर्याणीत मीठ कुणी जास्त घातलं. मास्तर पायडल मारता मारता "मंग?" म्हणायला लागले. "आन् जावई काय म्हणाले?" खांदे उतरले. कोपर मऊ झालं. पोट आलं आपल्या जागेवर.

"अब देखो बेटा," बीबीजान त्या मुलीला म्हणाल्या.

मीही बघितलं. आपलीच युक्ती आपल्यावर चालली, हे मास्तरांच्या आत्ता ध्यानात आलं. ते हसले, आणि मग मात्र त्यांच्यातला शिंपी जागा झाला. "हात लांब पडतायत. बाही लांब झाल्यावानी." मुलीनं हँडल धरणारा दांडा आखूड बसवला. "सीट नाकाकडून वर हाय, टोचती." तिनं सरळ केली. "आता उंची?" "पाय खाली गेल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे काका." मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि आपला पाय मांडीपासून टाचेपर्यंत मापला, श्वास सोडून. रुंद टायर, मडगार्ड, स्टँड, कॅरियर, घंटी. गाठोडं मागं बांधून बघितल्याशिवाय ते दुकानातून हलले नाहीत.

उमापूरला ते निघाले तेव्हा मी सोबत नव्हतो, पण मला सगळं माहीत आहे. घाटसावळीला माझा साडू राहतो, बीडला भाचा, गढीला एक जुना दोस्त. साडू म्हणाला, चढावर हळू होते पण उतरले नाहीत. भाचा म्हणाला, चहा घेतला, दुसरा नको म्हणाले. गढीचा दोस्त म्हणाला, गुणगुणत गेले, सूर बरा नव्हता. उमापूरला अदिबानं बाज टाकून ठेवली होती, वर गादी, वर दोन उशा. मास्तर खाली सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तुझ्या सासूचं दळण कुणाकडं गेलंय म्हणं?" दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं माघारी. यावेळी भाच्याकडं दुसरा चहाही घेतला.

तिसऱ्या सकाळी दुकानापुढं मी, वत्सलाबाई आणि पप्पूभैय्या. माझ्या फोनवर वासिफ, तोंड दिसणारा फोन लावून. त्याला मीच लावला, हे कबूल. आता लावायला काय हरकत होती?

वडवणीच्या रस्त्यानं घंटी वाजली. मास्तर आले. सायकल स्टँडवर लावली. गाठोडं काढलं, डबा काढला, आमच्याकडं बघितलंही नाही. शटरपुढं उभे राहिले. वत्सलाबाईंनी किल्लीसाठी हात पुढं केला. मास्तर त्या हाताला वळसा घालून खाली वाकले, पार जमिनीपर्यंत. कुलूप काढलं. मग दोन्ही हातांनी शटर धरलं आणि वर असं सारलं, की समोरच्या झाडावरची पाखरं उडाली.

फोनमध्ये वासिफ हे सगळं बघत होता. मग म्हणाला, "अब्बा, ईदचा कुर्ता शिवाल का मला? माप पाठवतो."

मास्तरांनी मशीनवरचं कापड काढलं, टेप गळ्यात घातला आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये डोकावले.

"पाठवलेलं माप मी घेत न्हाई. हिकडं ये. आन् श्वास सोडून ये."