ताईने पुसलेले फोटो

ताई नर्स म्हणून अमेरिकेला गेली तेव्हा आम्ही अंबरनाथला चाळीत राहत होतो. सुरुवातीला तिची पत्रं यायची. आईला वाचता येत नसे, म्हणून मी मोठ्याने वाचायचो. एकदा तिने लिहिलं, इथे आडनाव ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि राष्ट्राध्यक्षाला भर रस्त्यात नावं ठेवली तरी पोलीस नुसता उभा असतो. आईने ते पत्र विहारात नेऊन मला सगळ्या बायकांसमोर पुन्हा वाचायला लावलं. लहानपणी गावात पाटलाच्या दारावरून जाताना आई चप्पल हातात घ्यायची. तिला ते फार मोठं वाटलं असणार.

मागच्या थंडीत ताई तीन आठवडे आली. आता आमचा चिखलोलीला फ्लॅट आहे. परतीच्या आदल्या दुपारी ती फोनमधले फोटो, मेसेज एकेक करून पुसत बसली होती. मला वाटलं, जागा करतेय. विचारलं तर म्हणाली, तिथल्या विमानतळावर कधीकधी फोन उघडून मागतात. ओळखीच्या एकीला चार-पाच तास बसवून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत ताईने तिथलं नागरिकत्व घेतलं नव्हतं. इथला पासपोर्ट तिच्याने सोडवत नव्हता. तिकडच्या एका मोर्च्यातला तिचा आणि तिच्या मुलीचा फोटो होता, हातात फलक धरलेला. तो तिने पुसला. मग माझा फोन मागून घेतला आणि त्यातलाही पुसला.

आई पलंगावरून बघत होती. "तिकडं पण असंच?"

"आधी नव्हतं गं," ताई म्हणाली.

मग तिने वॉर्डातल्या एका काळ्या नर्सचं सांगितलं. तुमचा देश बदलला, असं ताई तिला म्हणाली होती. त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, "तुला आत्ता कळलं एवढंच. तू आलीस तेव्हाही माझ्या भावाची गाडी पोलीस दर महिन्याला थांबवायचे."

आईने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पाऊस ओसरता ओसरता आई गेली. ताईने तिकीट काढलं होतं. तिकडच्या वकिलाने सांगितलं, जा, पण परत आत घेतील याची खात्री मी देत नाही. मुलगी तिथेच शिकते. ताईने तिकीट रद्द केलं. स्मशानात बुद्धवंदना चालू असताना मी व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरून उभा होतो. पलीकडे ताई रडत होती, पण तिने आवाज बंद ठेवला होता.

अजूनही रविवारी सकाळी तिचा फोन येतो. थंडी, भाजी, गुडघे, एवढंच बोलणं होतं. एकदा मी तिकडच्या बातम्यांचं विचारलं तर म्हणाली, "फोनवर नको."

मी परत विचारलं नाही. खरं तर सोसायटीच्या ग्रुपवर मीही हल्ली राजकारणाचं काही लिहीत नाही.