आईबापांची बालवाडी

समुद्राजवळच्या घरात वाळू कोण आणतं, हे कुणालाच सांगता येत नाही. रोज झाडा, तरी ती पलंगाखाली, फडताळात, पुस्तकाच्या पानांत सापडतेच. आमच्या बालवाडीच्या गोष्टींचं तसंच झालंय. कुणी मुद्दाम साठवल्या नाहीत. परवा आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो आणि एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू! शेवटी माझी सून म्हणाली, "आई, चहा आता परत गरम नाही करणार हं!"

तेव्हा रायगडला कुलाबा जिल्हा म्हणायचे. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात इंदूताईंनी बालवाडी काढली आणि त्यांच्या हाताखाली मी लागले. मी अलिबागची, नुकतंच ट्रेनिंग घेतलेली, हातात कात्री आणि रंगीत कागद घेऊन जग बदलायला निघालेली! इंदूताई चाळिशीच्या. अंगावर जाडंभरडं खादीचं पातळ, आवाज अगदी बारीक. पण एकदा ठरवलं की ठरवलं.

पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "कुसुम, मुलांचं काही कठीण नाही. आधी आईबापांना बालवाडीत बसवायला हवं."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. त्यांनी अक्षरशः बसवलं!

*

मुलं गोळा करायला आम्ही दारोदार फिरलो. हौसाबाई म्हणजे कोळीवाड्यातलं मोठं प्रस्थ. ती हो म्हणाली की बाकीच्या हो म्हणणार. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. इंदूताईंनी सांगितलं, तीन वर्षांचं मूल असेल तर आमच्याकडे पाठवा.

"तीन वर्साचं? त्याला काय शिकवणार?"

"खेळायला."

हौसाबाईच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "खेळायला शिकवाया दोन-दोन बाया? अगो, आमची पोरां झोपेतपन खेळतात!"

शेजारच्या अंगणातून हशा उठला. तो पुढच्या घरी आमच्या आधी पोचला. त्या दिवशी एकही मूल मिळालं नाही. मी परत येताना रडकुंडीला आले होते, इंदूताई मात्र शिंपले वेचत चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बालवाडीच्या शेडच्या दारात हौसाबाई हजर. कडेवर नातू. त्याला खाली ठेवून म्हणाली, "घेवा. पन शिकून आनखी खेळाया लागला तर तुमीच सांभाळा!"

*

मग आली पहिली पालकसभा. मी वाड्यात फिरून सांगून आले, "शनिवारी पालकसभा आहे, सगळ्यांनी या." शनिवारी बायका आल्या त्या रिकाम्या टोपल्या घेऊन! इकडंतिकडं बघितलं, मागच्या दारी डोकावल्या. एकीनं विचारलं, "भाजी कवा येनार?"

"कसली भाजी?"

"पालक वाटनार ना?"

मी कपाळावर हात मारला. इंदूताई गंभीरपणे म्हणाल्या, "पालक म्हणजे तुम्ही."

हौसाबाई मागून म्हणाली, "म्हंजे आमची भाजी करनार!"

*

आमची शेड मुळात जाळी ठेवायची. कोळ्यांच्या जमातीनं ती काही महिन्यांसाठी दिलेली. पावसाळा जवळ आला तशी कुरबुर सुरू झाली. होड्या किनाऱ्याला ओढल्यावर जाळी ठेवायची कुठं? धर्मा तांडेल, म्हणजे वाड्यातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा प्रमुख, याच्याकडे काम आलं की बायांना शेड खाली करायला सांग. दुसरी जागा तर गावात कुणी देत नव्हतं. मला पक्कं कळलं, आता आपण अलिबागला परत.

धर्मा चार-पाच गडी घेऊन आला. मिशा अशा की मुलं कोपऱ्यात सरकली.

इंदूताई म्हणाल्या, "खाली करते. पण एक तास बसा. तुमची मुलं इथं काय करतात, ते तुम्ही करून बघा. मग काय ते बोला."

आणि प्रत्येकासमोर खाडीतल्या चिकणमातीचा एकेक गोळा ठेवला!

गडी एकमेकांकडे बघायला लागले. मुलं वाट बघत उभी. पोरांसमोर माघार कोण घेणार? बसले. धर्मानं नाखुशीनं गोळा दाबला, लांब केला. हळूहळू होडी दिसायला लागली. शेजारचा होडीच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुजी नाळ जड झाली, बुडनार." झालं! धर्मानं पाण्याचं घमेलं मागवलं. मग नाळ, डोलकाठी, वल्ही. वाद इतका रंगला की डोलकाठी म्हणून लावायच्या नारळाच्या हिरांसाठी दोन मोठे पुरुष भांडले.

तास कधीच उलटून गेला. धर्माचा धाकटा येऊन त्याचा सदरा ओढायला लागला, "बा, चल ना घरी. भूक लागली."

"थांब रं, माजं व्हायचं हाय अजून!"

अंधारून येताना गडी हात धुऊन निघाले. धर्मानं आपली होडी उंच फळीवर ठेवली. इंदूताईंनीच विचारलं, "मग, शेड कधी खाली करू?"

धर्मानं फळीकडे बघितलं. "होडी सुकली की."

त्या वर्षी जाळी त्याच्या स्वतःच्या पडवीत गेली. आणि ती होडी पुढं कित्येक पावसाळे सुकतच होती!

*

पोस्टमास्तर भाऊसाहेब शिकलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा विनायक आमच्याकडे यायचा. दिवाळीनंतर भाऊसाहेब रागारागानं आले.

"बाई, इतके महिने झाले, याला 'अ' काढता येत नाही! करतो काय हा इथं?"

आमच्याकडे एक लाकडी चौकट होती, तिला कापड, काज आणि गुंड्या. विनायक रोज सकाळी तिच्यापाशी बसायचा. लावायचा, काढायचा, परत लावायचा. जीभ बाहेर काढून, तल्लीन होऊन.

इंदूताई उत्तर देणार तेवढ्यात विनायक उठून वडिलांसमोर आला. "बाबा, खाली बसा ना."

"का?"

"तुमचा कोट चुकलाय."

घाईत वरची गुंडी खालच्या काजात गेली होती, आणि तसेच ते भर बाजारातून आले होते! भाऊसाहेब उकिडवे बसले. पोरानं एकेक गुंडी काढली, एकेक नीट लावली, शेवटी कोटावरून हात फिरवला. भाऊसाहेब त्या इवल्या बोटांकडे बघत राहिले. उठताना म्हणाले, "'अ' पुढच्या वर्षी आला तरी चालेल."

*

एकदा तपासणीला साहेब आले. आया मागे ओळीनं बसलेल्या. साहेबांनी गणपाला उभं केलं. गणपा सोनीचा मुलगा. सोनी मागेच बसली होती.

"बाळ, तुझ्या आईकडे पाच मासे आहेत. दोन मांजरानं नेले. किती उरले?"

"पाच."

"अरे, दोन मांजरानं नेले."

"पाच," गणपा ठाम.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. तेवढ्यात मागून सोनी ताडकन उभी राहिली.

"मांजर दोन नेईल नि मी काय बघत बसन? साहेब, आमच्या घरात असं चालत न्हाय!"

साहेब बावरले. इंदूताई त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "मुलाचं गणित बरोबर आहे साहेब. तुमचं मांजर चुकलं."

*

कोळीवाड्यात सात-आठ वर्षांच्या पोरींच्या कडेवर कायम धाकटं भावंड. आई मासळी विकायला, पोरगी घरी. शेजारीच चौथीपर्यंतची शाळा होती, पण ती बहुतेक मुलग्यांची.

चंद्री आपल्या भावाला रोज आमच्याकडे सोडायला यायची. आणि रोज दारात आला की भाऊ भोकाड पसरायचा. मग चंद्री म्हणायची, "बाई, मी बसते थोडी. ऱ्हात न्हाय तो माज्याबिगर." आणि दिवसभर बसायची. भाऊ दोन मिनिटांत गप्प, खेळायला पळायचा. चंद्री भिंतीला टेकून पलीकडच्या शाळेतले पाढे ऐकायची. ओठ हलायचे.

असे दिवसामागून दिवस. मी म्हणायचे, किती रडका हा मुलगा!

एक दिवस इंदूताई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. वाटेनं चंद्री येत होती, कडेवर भाऊ चांगला हसत होता. दाराच्या अलीकडे ती थांबली, इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या मांडीला कचकन चिमटा काढला!

मी रागावून पुढं होणार, तर इंदूताईंनी माझा पदर धरला. "थांब."

संध्याकाळी त्या चंद्रीच्या घरी गेल्या. बरोबर मी. चंद्री आम्हाला बघून पांढरी पडली. पाट्यापाशी बसली होती, वरवंटा हातातच राहिला.

इंदूताई तिच्या आईला म्हणाल्या, "तुमचा मुलगा दारात आला की रोज रडतो हो. बहीण जवळ असली की गप्प. ती शेजारच्या शाळेत बसली तर त्याला खिडकीतून दिसेल."

आई विचारात पडली. "आनि घरचं काम?"

"सकाळचं उरकून येईल. मुलगा रडून रडून आजारी पडला तर?"

मुलासाठी म्हणून आई कबूल झाली. चंद्रीनं मान वर केली नाही. पण आम्ही निघालो तशी मागून पळत आली आणि इंदूताईंचा हात धरून तशीच उभी राहिली. इंदूताई हळूच म्हणाल्या, "आता चिमटा नको हं."

वाटेत मी म्हटलं, "इंदूताई, तुम्ही खोटं बोललात!"

"कुठं? मुलगा रडतो, एवढंच मी सांगितलं. का रडतो, ते त्यांनी विचारलंच नाही!"

चंद्री पुढं सातवीची फायनल पास झाली, आणि अशाच एका बालवाडीत बाई झाली.

*

सगळ्या आयांनी एकदा तरी पूर्ण वेळ मुलांबरोबर बसायचं, असा इंदूताईंचा नियम. त्या दिवशी बऱ्याच जणी आल्या. पहाटे किनाऱ्यावर, मग बाजार, आणि मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन थेट आमच्याकडे. गाणी झाली, मणी ओवून झाले. मग मुलांच्या झोपेचा तास. आम्ही चटया अंथरल्या, खिडक्या ओढून घेतल्या. आयांना म्हटलं, तुम्हीही आडव्या व्हा, मुलं कशी झोपतात ते बघा.

मी कागद कातरायला बाहेर गेले. परत आले तर आत चिडीचूप. म्हटलं, वा, आज सगळी झोपली!

दार लोटलं. झोपल्या होत्या त्या आया. एकजात सगळ्या. सोनीचा हात पाटीवरच होता. दिवसाउजेडी त्यांना अशी पाठ टेकलेली मी कधी बघितली नव्हती. हौसाबाई तर घोरत होती! आणि मुलं भिंतीला लागून ओळीनं बसलेली, जागी, एकाचाही आवाज नाही.

एका चिमुरडीनं ओठांवर बोट ठेवून मला दटावलं, "श्शू! बाई, पालक झोपलेत!"

*

गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातली रुकय्या आपल्या जुबेदाला घेऊन यायची. जुबेदाचा बाप आगबोटीवर खलाशी. पोर पाळण्यात असताना गेला तो बोटीवरून बोटीवर. घरी पैसे यायचे, तो नाही.

जुबेदा बालवाडीत बोलायची नाही. एक शब्द नाही. गाण्याच्या वेळी नुसती आमच्या तोंडाकडे बघायची. मी गोळ्या दिल्या, बाहुली दिली, लाडीगोडी केली. काही नाही. मला वाटलं, मुलीत काही दोष आहे.

इंदूताईंनी रुकय्याला विचारलं, घरी तरी बोलते का?

"घरी?" रुकय्या कपाळाला हात लावून म्हणाली, "घरी तोंड मिटत नाय हो तिचा! स्वतः बाई होते नि मला पोरगी करते. हात धुवायला लावते, गाणी म्हणायला लावते. मला बोलायला देत नाय!"

"मग राहू दे," इंदूताई म्हणाल्या. "ती शिकतेय. बोलेल तेव्हा बोलेल."

वर्ष होत आलं. जुबेदा गप्पच.

एका सकाळी मुलं शंख-शिंपले लावत बसली होती. दारात सावली पडली. उंच, धिप्पाड माणूस, उन्हानं रापलेला, अंगावर परदेशी कोट. मागे फाटकापाशी रुकय्या थांबलेली. तो मुंबईच्या बोटीनं त्याच सकाळी उतरला होता.

त्यानं टोपी हातात घेतली. सगळ्या मुलांवरून एकदा नजर फिरवली, परत फिरवली. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू विचारलं, "बाई, यातली माझी कुठली?"

मी बोट दाखवलं.

तो पुढं जाईना. उंबऱ्यातच मटकन खाली बसला. तोंडावर टोपी धरली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मुलं शिंपले सोडून बघत राहिली. एवढा मोठा माणूस रडतो, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मी पुढं होणार, तर इंदूताईंनी मला डोळ्यांनी थांबवलं.

जुबेदा उठली. शिंपल्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली. जरा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग त्याचं एक बोट धरलं, त्याला ओढत आपल्या चटईपर्यंत आणलं, बसवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"नवीन आहेस का? रडू नकोस हं. दुपारी अम्मा येते न्यायला."